मानाची खुर्ची

आमच्या थोरल्या जमिनीवरून उठताना कधी हात टेकत नसत. पंगत उठायची वेळ झाली की बाकीच्या बायका एक हात जमिनीला, दुसरा शेजारणीच्या खांद्याला लावत आणि आपापल्या गुडघ्यांना शिव्या देत उभ्या राहत. थोरल्या पदर खोचायच्या, मांडी सोडायच्या आणि सरळ वर. एका हातात खरकटं ताट, दुसऱ्यात तांब्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तिशीच्या आत-बाहेर होत्या, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या पासष्टीच्या झाल्या तेव्हाही वाटलं नाही. मला विशेष वाटायचं ते भलत्याच गोष्टींचं.

थोरल्या म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तोंडावर मी त्यांना आक्का म्हणे, माघारी थोरल्या. रहिमतपूरच्या अलीकडे आमचं गाव. भावजी, म्हणजे थोरल्यांचे मालक, फौजेत, वर्षातून दोनदा ट्रंक घेऊन यायचे आणि पाहुण्यासारखे राहून जायचे. त्यामुळे ऊस, गोठा, पाण्याची पाळी, सगळं थोरल्यांच्या अंगावर. मी सांगलीची, शिकलेली, शाळेत मास्तरीण. आमचे हेही मास्तर. दोघांची नोकरी वाईला. गावी मी यायचे ती सुट्टीत, चपला घालून गोठ्यापर्यंत जायचे, नाकाला पदर लावायचे आणि परत यायचे. थोरल्या बघून हसायच्या. ‘‘धाकटे, म्हस चावत न्हाई गं. तिला फकस्त शिकल्याली माणसं आवडत न्हाईत.’’

त्यांचं खाणं दांडगं होतं. दोन भाकऱ्या, कोरड्यास, दाण्याची चटणी, वर वाटीभर दूध. अंगावर मात्र मांस म्हणाल तर नुसतं पिळदार, दोरखंडासारखं. मी कौतुकानं नव्हे, थोडी दचकूनच विचारलं होतं, एवढं जातं कुठं? त्या म्हणाल्या, ‘‘पोटात गेलं त्ये हातापायातनं भायेर निघालं पायजे. आत ठिवून काय करायचं? घरभाडं द्यायचंय व्हय त्याला?’’ मी वाईला गेल्यावर हे वाक्य स्टाफरूममध्ये सांगून सगळ्यांना हसवलं. त्यात हसण्यासारखं नेमकं काय होतं, ते आता मला सांगता यायचं नाही.

निवृत्त झालो आणि आम्ही दोघं गावी राहायला आलो. भावजी तोवर गेले होते. थोरल्यांनी सत्तरी गाठलेली. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची, सत्तेचाळीस पोरांच्या वर्गाला शिस्त लावायची सवय असलेली, आता एका म्हशीच्या आणि एका जावेच्या घरात सुटले. माझ्या हाताला काम हवं होतं. ते मी थोरल्यांचं काढून घेतलं.

आमच्याकडचा एक रिवाज आहे. घरात धाकटी आली, तिचे हातपाय धड आहेत, आणि तरी थोरली बाई राबते आहे, तर नाव धाकटीचं जातं. थोरलीला बसवायचं असतं. किती मानानं बसवलं, यावर धाकटीची किंमत ठरते. जवळजवळ चाळीस वर्षं मी वाईला होते, म्हणजे चाळीस वर्षांचा मान माझ्याकडे थकला होता. तो मी एकदम द्यायला काढला. रहिमतपूरच्या बाजारातून हात असलेली, पाठ उंच, तांबडी प्लास्टिकची खुर्ची आणली. सोप्यात, दारातून येणाऱ्याला पहिली दिसेल अशी ठेवली. ‘‘आवं आक्का, किती दिवस राबायचं? बसा की आता.’’

पहिल्या आठवड्यात त्या दिवसातून दहा वेळा उठल्या. म्हशीला माझा हात लागतो, म्हणाल्या. मी गडी ठेवला. चुलीपुढं येऊन बसल्या, मी गॅसचा ओटा करून घेतला. अंगण झाडायला खराटा उचलला, तो मी अक्षरशः हातातून काढून घेतला. मग त्या बसल्या. बसल्या त्या बसल्याच.

मी तेवढ्यावर थांबले नाही. म्हातारपणी हलकं खावं, हे मला कुठूनतरी पक्कं ठाऊक होतं. भाकरी जड, म्हणून बंद. दाणे पित्त करतात, म्हणून बंद. दुधानं कफ होतो. मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, आणि सकाळ-दुपार चहाबरोबर बिस्किटं, कारण ती कशी चटकन विरघळतात. थोरल्या बिस्किट चहात बुडवून म्हणायच्या, ‘‘ह्याला चावायचं कवा?’’

गावात माझं नाव झालं. ‘‘शिकल्याली हाय, पर थोरलीला कशी मानानं बसवलीया बघा.’’ देवळात जाताना पारावरच्या बायका हे बोलायच्या. मी तेवढ्या टप्प्यात पाऊल हळू टाकायचे, म्हणजे पुरतं ऐकू यावं. अशी मी होते. कोणी मला त्या वेळी खुर्चीसकट उचलून विहिरीत टाकलं असतं तर बरं झालं असतं.

असं तीन वर्षं चाललं. त्या तीन वर्षांत थोरल्या कधी आजारी पडल्या नाहीत. मला वाटलं, माझं कसब.

मग गावच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांसाठी एक तपासणी शिबिर आलं. साताऱ्याहून एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या, तिशी-पस्तिशीच्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. वर्गातली बाकं हलवून एक वजनकाट्यासारखं यंत्र मांडलं होतं. अनवाणी उभं राहायचं, दोन्ही हातांत मुठी धरायच्या, आणि अंगात मांस किती, चरबी किती, हे कागदावर छापून बाहेर यायचं. मी थोरल्यांना धरून नेलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘‘मॅडम, आमच्या आक्कांचं वजन गेल्या तीन वर्षांत एक किलोसुद्धा हललेलं नाही.’’

मॅडमनी कागद पाहिला. मग थोरल्यांना एका साध्या खुर्चीवर बसवलं. दोन्ही हात छातीशी बांधायला सांगितले. ‘‘आजी, आता हात न लावता उठायचं. पाच वेळा.’’

थोरल्या पुढं वाकल्या. पाय थरथरले. बूड वीतभर सुटलं आणि परत खाली आलं. पुन्हा वाकल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाकायचं सोडलं, पदर नीट केला आणि मॅडमकडे बघून म्हणाल्या, ‘‘एकदाबी न्हाई जमत. लिवा.’’

‘‘वजन तेवढंच आहे आजी,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘पण आतलं बदललंय. मांड्यांचं मांस गेलं, त्या जागी चरबी आली. काट्याला ते कळत नाही.’’

‘‘म्हंजी पोतं तेवढंच,’’ थोरल्या म्हणाल्या. ‘‘दानं गेलं आन भुसा भरला.’’

रांगेतली माणसं हसली. मॅडमही हसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, या काय काम करतात? मी सांगितलं, काहीच नाही. ते सांगताना माझ्या आवाजात अजूनही थोडा तोरा होता. खातात काय? तेही सांगितलं. सांगता सांगता तोरा कुठं गेला, कळलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. कागदाच्या मागं लिहून दिलं: अंडी, डाळ, दूध, दाणे, आणि रोज खुर्चीतून उठ-बस. काम बंद करू नका, एवढ्या ओळीखाली दोन रेघा.

घरी येताना थोरल्या माझ्या दंडाला धरून चालत होत्या. ओढ्यापाशी थांबल्या.

‘‘धाकटे, तू माझं वाईट केलं न्हाईस.’’

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

‘‘पर बरंबी केलं न्हाईस गं.’’

‘‘मग आक्का, तुम्ही बसलात कशाला? मला दोन शिव्या द्यायच्या की!’’

‘‘गावात नाव व्हत हुतं तुजं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चाळीस वर्सं परक्यावानी येऊन जात हुतीस. म्हनलं, होऊ दे. आपुन बसल्यानं हिचं घर होतंय तर बसावं.’’

त्यावर मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आत कुठंतरी हात घालावा आणि तिथं काही नसावं, तसं झालं. घरी येऊन मी भाकरीचं पीठ काढलं.

दुसऱ्या दिवसापासून सोप्यात आमची शाळा सुरू झाली. मी मोजायचे, त्या उठायच्या. आधी खुर्चीचे हात धरून, मग एक हात धरून. थोरल्यांनी आपल्या मांड्यांना बैलजोडीच करून टाकलं होतं. ‘‘चल रं गड्या. ह्यो डावा नेकीचा हाय, उजवा आंगचोर. बघ कसा जू टाकतुय!’’ आणि उजव्या मांडीवर चापट मारायच्या. दोन उकडलेली अंडी समोर ठेवली की म्हणायच्या, ‘‘ह्ये बैलास्नी का मला?’’ मी म्हणायचे, तुमच्यातून बैलांना. आमचे हे आतून पेपरामागून हसायचे. मी गड्याला जाऊ दिलं नाही, पण खराटा थोरल्यांना परत दिला.

त्यांना मॅडमच्या पाच वेळांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना म्हशीखाली उकिडवं बसून धार काढायची होती, आणि काढून झाल्यावर कोणाचा हात न लागता उठायचं होतं. एवढंच. रोज तेच बोलायच्या. ‘‘बसनं सोपं हाय. बसतंय कुनीबी. उठनं म्हंजी खरं.’’

चार-पाच महिने गेले. खुर्ची जमली, मग स्टूल, मग पाट. वसुबारसेच्या सकाळी त्या चरवी घेऊन गोठ्यात गेल्या. मी मागं. म्हशीनं मान वळवून हुंगलं. थोरल्या खाली बसल्या, चरवी गुडघ्यांत धरली. धार निम्मीच काढली, बोटांत जोर पुरेना. मग चरवी बाजूला ठेवली आणि काही वेळ तशाच बसून राहिल्या. मी पुढं झाले.

‘‘तितंच ऱ्हा,’’ म्हणाल्या.

उठल्या. मध्येच एकदा डुलल्या, म्हशीच्या पाठीला कोपर लावलं, आणि उभ्या राहिल्या. मग चरवी उचलायला परत वाकल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘बघत काय ऱ्हायलीस? दूध तापत ठेव.’’

मोजून पुढचं एक वर्ष त्या धार काढत होत्या. दुसऱ्या हिवाळ्यात ताप आला, छाती भरली. साताऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होतो. ताप उतरला, छाती मोकळी झाली, डॉक्टर म्हणाले घरी न्या. पण त्या अकरा दिवसांत खाटेवरच्या चादरीखाली काय चाललं होतं ते मी रोज अंग पुसताना बघत होते. महिनोन्‌महिने भरलेलं दिवसागणिक गळत होतं. मला ते आता डोळ्यांनीच कळत होतं, यंत्र नको होतं. एवढी तरी मी शिकले होते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाय खाटेखाली सोडले. मी धरायला गेले. ‘‘हात मागं घी,’’ म्हणाल्या. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले, वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे. त्यांनी खाटेच्या कडेला तळवे लावले, पुढं वाकल्या. पुन्हा वाकल्या. मग मांड्यांकडे बघत राहिल्या.

‘‘दोगंबी निजलं गं,’’ म्हणाल्या. जरा वेळानं, ‘‘निजू दे. लय वडलं त्यांनी.’’

दुपारी मी पेज घेऊन आले तेव्हा त्या गेल्या होत्या. हातातली वाटी मी खाली ठेवली. थोडी पेज सांडली होती, ती पुसली. मग ह्यांना हाक मारली.

बायका जमल्या. थोरल्यांना सोप्यात खाली ठेवलं होतं, आम्ही सगळ्या भोवती जमिनीवर बसलो. चांगले दोन-तीन तास बसलो असू. रडत होत्या त्या रडत होत्या. मी उशाशी बसून त्यांच्या कपाळावरची माशी वारत होते. माझं डोकं अगदी स्वच्छ होतं. पाहुण्यांच्या चहाला दूध किती लागेल, याचा हिशेबसुद्धा करून झाला होता.

उचलायची वेळ झाली. बायका उठल्या. मी उठायला गेले आणि उठता येईना. पुन्हा जोर केला. नाही. तेव्हा मला चौसष्टावं चालू होतं. दीड वर्ष रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून मी आकडे मोजत होते. बसून. मी स्वतः एकदाही उठले नव्हते. शिबिरात त्या यंत्रावरही मी चढले नव्हते, माझं काय बघायचं होतं?

दोघी-तिघींनी काखेत हात घालून मला वर ओढलं. शेजारची शांताक्का पदरानं डोळे पुसत बाकीच्यांना म्हणाली, ‘‘लय जीव हुता गं थोरलीवर. बघा, उठवंना बिचारीला.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. मी त्यांना तसंच समजू दिलं.