दोन मिनिटं इंजिन चालू राहू दे

आमच्या घरी सायकल एकच होती आणि शाळेला जाणारे दोघं. नववीत शाळा सोडून थोरल्या भावानं, अण्णानं, ती माझ्याकडं ढकलली आणि स्वतः गडमुडशिंगीहून चालत कोल्हापूरच्या गॅरेजात जायला लागला. त्याच सायकलवर मी बी.कॉम. झाले, घराण्यातली पहिली. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. अण्णाला जाऊन आता दीड महिना झाला. भर दुपारी वहिनीचा फोन आला, "ह्ये गाडीजवळ पडल्यात..." एवढंच. सकाळी माझ्याशी बोललेला माणूस! अजूनही काही अडलं की माझा हात त्याच्या नंबराकडं जातो आणि तिथंच थांबतो...

ती गाडी म्हणजे त्याची जुनी डिझेल, तीन लाख किलोमीटर पळालेली. गेल्या वर्षी जोतिबाच्या घाटात भरलेली गाडी चढेना. आम्ही सगळे उतरून मागनं चालत निघालो. आई गुडघा धरून कठड्यावर बसली. आमचे मिस्टर म्हणाले, "पावणं, देवाला आपण निघालोय का गाडी?" सगळे हसले. अण्णा हसला नाही. आईला म्हणाला, "पुढच्या खेपंला तुला उतरू देणार न्हाय."

"नवी घे की," मी म्हटलं.

"हिच्या अंगात अजून लई हाय. फकस्त वारा कमी पडतोय."

म्हणून टर्बो. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असं त्यानं मला समजावलं. नवा परवडणारा नव्हता, तो भंगारात शोधायचा होता. पण आधी त्यानं इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे ते आत किती दाब धरतंय, ते मोजलं. "फाटक्या फुग्यात फुकून काय उपेग?" मग दोन टर्बोंचे पंखे बोटानं हलवून बघितले, ढिले निघाले म्हणून परत टाकले, तिसरा घेतला. ऑइलची नळी स्वतः वाकवून बसवली. हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवला, म्हाताऱ्या इंजिनाला सोसेल इतकाच. आणि एक नियम घातला. गाडी थांबली तरी चावी लगेच फिरवायची नाही. "टर्बो तापल्याला असतोय, आतलं ऑइल करपतंय. दोन मिनटं दम खाऊ दे तिला."

त्याच आठवड्यात म्हणाला होता, "जरा धाप लागतीया. धुराचं असंल." शिकलेली मी, मीही धुराचंच धरलं. तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदय. इंजिनाचा दम मोजणाऱ्या माणसाला दवाखान्यात चल म्हणायचं मला सुचलं नाही...

जोतिबाला जायचं त्यानं रविवारचं ठरवलं होतं. गेला गुरुवारी.

परवा आईच म्हणाली, "चला. त्यानं ठरीवलंय." गाडी भरलेलीच पाहिजे म्हणून वहिनीबरोबर तिच्या आईलाही घेतलं. मिस्टर चालवायला बसले. गेल्या वर्षीच्या कठड्याजवळ तोच चढ आला. त्यांनी गिअर खाली घेतला, टर्बोचा बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि गाडी वळण चढून गेली. आई कठड्याकडं बघत राहिली.

वर पोचल्यावर मिस्टरांनी चावीला हात लावला नाही. कुणी दारही उघडलं नाही. इंजिन चालू ठेवून आम्ही पाचहीजण दोन मिनिटं तसेच बसून राहिलो. मग त्यांनी गाडी बंद केली.

भरलेली गाडी घाट चढली. आईला उतरावं लागलं नाही.