शैलामावशी बागेत पाणी पीत नाहीत

आमच्या बागेत विटांची एक देखणी भट्टी आहे. पिझ्झा भाजायची. तिला घुमट आहे, धुराडं आहे, समोर बसायला बाक आहेत आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मदतीने उभारल्याची पितळी पाटीसुद्धा आहे. शाळांना सुट्टी लागली की कधीतरी ती पेटते. एरवी तिच्यात कोळी जाळी विणतात. मी दर शनिवारी तिच्यासमोरून जाते आणि दर शनिवारी माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, ऋता, सोड ना आता. का सोडू? शैलामावशींचा वाफा गेला, तो परत आला का?

मेलबर्नच्या कडेला, पॉइंट कुकच्या नव्या वस्तीत घरं मोठी आणि अंगण बोटभर. त्या बोटभर जागेतही लोक प्लॅस्टिकचं गवत अंथरतात. म्हणून आमच्या वसाहतीच्या मागे ही सामायिक बाग निघाली. लाकडी चौकटीतला एकेक वाफा भाड्याने मिळतो, कुंपणाच्या फाटकाची किल्ली मिळते, आणि वाफा रिकामा व्हायची वाट बघणाऱ्यांची रांग कायम असते. माझ्या शेजारचा वाफा शैलामावशींचा होता.

त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. आमच्या वसाहतीतल्या विक्रांतची आई. यजमान गेल्यावर मुलाने इथे आणलं. विक्रांत आणि त्याची बायको शिवांगी दोघंही वाईट नाहीत, पण दोघंही सकाळी गाड्या काढून निघतात ते अंधार पडल्यावर येतात. मावशींना गाडी येत नाही. घरात सगळं आहे आणि मावशींचं काहीच नाही. फोडणीला टाकलं की धुराचा अलार्म वाजतो. अशा बाईला चार पावलं मातीची मिळाली, तर ती तिथेच राहील ना दिवसभर! मावशी राहायच्या. सकाळी डोक्याला रुमाल बांधून चालत यायच्या, वाण्याच्या पुडीतली मेथी पेरायच्या, एका तेलुगू बाईकडून आणलेली अंबाडी वाढवायच्या, गवारीला काठ्या लावायच्या. जुड्या बांधून सगळ्यांना वाटायच्या. ग्रॅहम नावाचा आमचा अध्यक्ष, निवृत्त माणूस, त्याला मेथी कडू लागते. तरी तो दर वेळी घ्यायचा आणि बहुतेक कंपोस्टात टाकायचा.

बागेत सगळं होतं. शेड होती, नळ होते, हातगाड्या होत्या. शौचालय नव्हतं. कमिटीतल्या कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण कमिटीतले लोक शनिवारी गाडीने येतात, तासभर मातीत हात घालतात आणि घरी जातात. दिवसदिवस बागेत असायची ती चालत येणारी म्हातारी माणसं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मावशींनी त्यावर उपाय शोधला होता. त्या पाणीच प्यायच्या नाहीत.

मला हे कळायला एक उन्हाळा जावा लागला. जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, उत्तरेचा गरम वारा सुटला होता, मी माझी बाटली पुढे केली, तर म्हणाल्या, "नको गं, बागेत मी पीत नाही." मला वाटलं, उष्टं चालत नसेल. मग पुढच्याच आठवड्यात विक्रांतचा फोन: आई हॉस्पिटलमध्ये आहे, ताप चढलाय, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की यापुढे तासातासाला पाणी प्यायचं आणि आलेली लघवी रोखायची नाही. नाहीतर पुढच्या खेपेला निभावणार नाही.

मी भेटायला गेले तेव्हा मावशी पडल्या पडल्या हसत होत्या. "सवय आहे मला," म्हणाल्या. त्या भोर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परतायचं. शाळेत बाईमाणसाला जायला जागा नाही. म्हणून सकाळी चहासुद्धा अर्धाच. एकदा दिवाळीच्या सुमारास असंच इन्फेक्शन होऊन वांग्यासारखं सुजलेलं तोंड घेऊन शिकवलंय त्यांनी. एकदा गावातल्या दानशूर माणसाने शाळेला पैसे दिले. मुख्याध्यापकांनी शिक्षकांना विचारलं, काय बांधू या? सगळे म्हणाले, प्रवेशद्वाराला कमान.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? चालेल सर, म्हटलं."

तिथल्या तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मावशींना मी दटावलंच. म्हटलं, इथे कमान होऊ द्यायची नाही. शौचालय झालं तर तुम्ही बागेत येणार. नाही झालं तर वाफा सोडावा लागणार. एवढं सरळ आहे.

नशिबाने त्याच वर्षी कौन्सिलने बागेला एका सोयीसाठी अनुदान द्यायचं ठरवलं. एकच सोय. कमिटीकडे दोन प्रस्ताव गेले. एक माझा: पाण्याशिवाय चालणारं साधं कंपोस्ट टॉयलेट, शेडच्या मागे. दुसरा प्रतापचा: पिझ्झा ओव्हन.

हा प्रताप आमचा खजिनदार. चिंचवडचा, बँकेत आयटीत आहे. त्याने दोन्ही प्रस्तावांचं स्क्रीनवर गुणपत्रक केलं होतं. माणसं एकत्र येतील का, फोटो चांगले येतील का, नवे सभासद मिळतील का. अशा परीक्षेत शौचालय नापासच होणार! शौचालयासमोर उभं राहून फोटो कोण काढतो? मी म्हटलं, "प्रताप, तू बागेत किती वेळ असतोस?" तर म्हणाला, "ऋता, पर्सनल नको जाऊस यार."

एप्रिलमध्ये सगळ्या सभासदांच्या मतदानाची मीटिंग होती. तिच्यासाठी मावशींनी एक इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं. आय नीड टॉयलेट. मी गाडीतून नेताना त्यांनी ते पुटपुटत म्हणून दाखवलं, शाळेत मुलांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं. मला वाटलं, झालं. काम झालं.

मी बोलले. जरा जास्तच तावातावाने बोलले असेन, कारण ग्रॅहम मला मध्येच थांबवून म्हणाला की जी माणसं ती सोय वापरणार, त्यांच्याच तोंडून ऐकू या. न्याय्यच बोलला. मग मावशींकडे वळून त्याने विचारलं, "शैला, व्हॉट डू यू रेकन?" तुझं काय मत?

प्रताप मदतीला धावला. भर सभेत, पुरुषांच्या घोळक्यात, खणखणीत आवाजात त्याने सत्तरीच्या बाईला विचारलं, "काकू, टॉयलेट हवंय का तुम्हाला? की ओव्हन चालेल?"

मावशींनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाल्या, "माझं काय रे बाबा. तुम्ही ठरवाल ते चालेल."

"शी इज हॅपी विथ द ओव्हन," प्रतापने जाहीर केलं.

मी ताडकन उठले. त्या असं म्हणाल्या नाहीत, मी ओरडले. ग्रॅहमने शांतपणे विचारलं, मग टॉयलेट हवंय असं म्हणाल्या का? मी मावशींकडे वळले, "मावशी, बोला ना! सांगा ना त्यांना!" तर ग्रॅहम हात वर करून म्हणाला, "ऋता, तिच्या तोंडात शब्द घालू नकोस. नो वरीज, शैला." आणि मतदान सुरू झालं. ओव्हनसाठी हात वर करा म्हटल्यावर प्रतापने मावशींना खूण केली, आणि मावशींचा हात वर गेला. कोणी हात वर करा म्हटलं की करायचा, एवढंच त्यांना माहीत.

एका मताने ओव्हन जिंकला. त्या एका मताने.

परतताना गाडीत मी विचारलं, "मावशी, असं का केलंत?"

"अगं, मला वाटलं, पुन्हा विचारतील," मावशी म्हणाल्या. "पहिल्यांदाच कसं हवंय म्हणायचं? हावरटासारखं दिसतं. आणि प्रताप तर आपलाच मुलगा आहे. त्याला कळतं की."

ग्रॅहमला मी दोष देत नाही. त्यांच्यात एकदा विचारतात, माणूस खरं ते सांगतो, विषय संपतो. पण प्रताप? गणपतीच्या जेवणात याचा आग्रह सगळ्या मेलबर्नच्या मराठी माणसांत प्रसिद्ध आहे. पानावर आडवे झोपलात तरी हा मोदक वाढल्याशिवाय पुढे सरकत नाही. मागच्याच वर्षी मावशी नको नको म्हणत असताना याने तिसरा मोदक वाढला होता आणि वर म्हणाला होता, "काकू, तुमचं नको म्हणजे काय ते मला माहितीये!" माहिती होतं त्याला. मोदकापुरतं आठवलं आणि मीटिंगमध्ये सोयीस्करपणे विसरला. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कोणाकडे मागायची?

हिवाळाभर मावशी डॉक्टरांचं ऐकत राहिल्या. बागेत येऊन वाफ्यात जरा हात घातला की पाणी, आणि पाणी प्यायलं की घराकडे पळ. एकदा घरी गेलं की पुन्हा तेवढं चालत यायला पाय उचलत नसत. मेथी जून झाली. गवत माजलं. वाफ्याची निगा राखा, अशी कमिटीची सूचना आली. सही खजिनदाराची.

ऑक्टोबरमध्ये भट्टीचं उद्घाटन झालं. फुगे होते, गाणी होती, पोरांच्या हाताला पीठ होतं. मावशी आल्या. येताना पाण्याची मोठी बाटली घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या देखत बाकावर बसून ती घटाघटा रिकामी केली. मी बघतच राहिले. बागेत मी त्यांना असं बाटलीभर पाणी पिताना पहिल्यांदाच बघत होते.

प्रताप पेपर प्लेट घेऊन आला. "काकू, पहिली स्लाइस तुम्हाला."

"नको रे."

"असं कसं? घ्याच. व्हेज आहे, अंडंबिंडं काही नाही."

"नको, खरंच."

"काकू, एक तुकडा! माझ्यासाठी!"

मावशी उठून उभ्या राहिल्या. "पिझ्झ्यासाठी तीनदा विचारलंस, प्रताप," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी एकदाच विचारलंस."

प्रताप प्लेट धरून उभाच राहिला. ग्रॅहमने विचारलं, काय म्हणतेय ती? मी तोंड उघडणार एवढ्यात मावशींनी मला हाताने गप्प केलं. मग शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज लावून त्या म्हणाल्या, "आय नीड टॉयलेट."

गाणी चालू होती तेवढीच. माणसं पिझ्झा चावायची थांबली.

"ओह, शैला," ग्रॅहम म्हणाला, "यू शुड हॅव सेड."

"यू आस्क वन टाइम," मावशी म्हणाल्या. त्यांनी ओढणीच्या गाठीतून फाटकाची किल्ली सोडवली आणि त्याच्या हातावर ठेवली.

ग्रॅहमचा चेहरा पडला. म्हणाला, ठेव ना, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. मावशींनी मान हलवली. ग्रॅहमने किल्ली खिशात टाकली. दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

मी मावशींना गाडीत घातलं. बागेपासून घर काही लांब नाही, पण मोठा चौक मध्ये आहे, आणि तिथला सिग्नल नेमका लाल. आडव्या रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मावशी दाराची मूठ घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मावशी, थांबता येईल ना?"

"तीस वर्षं थांबलेय गं," त्या म्हणाल्या. "तू सावकाश चालव."

मी दोन्हीकडे बघितलं आणि सिग्नल तोडला.