डीनचं निस्तरताना

"डीनचे आकडे बघ," बॅरी म्हणाला. "अख्खा सीझन झाला, नावावर जवळपास एकही एरर नाही. आणि तुझी बॅटिंग, निक..."

बॅरी आमचा मॅनेजर. त्याचं ऑफिस म्हणजे ग्राउंडच्या कडेचं एक गळकं पोर्टाकॅबिन. मी निखिल, लंडनच्या इल्फर्डमध्ये वाढलेला, क्लबचा फर्स्ट बेसमन. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. इंग्लंडात बेसबॉल खेळून पगार मिळतो, हे आमच्या ओळखीतल्या एकाही मराठी माणसाला खरं वाटायचं नाही. मिळत होता. पण स्पॉन्सरने हात आखडता घेतला आणि पुढच्या वर्षी एकच कॉन्ट्रॅक्ट उरणार होतं. डीन किंवा मी. माझं गेलं तर परत बँकेच्या काउंटरवर.

हे आकड्यांचं काय लफडं आहे ते सांगतो, म्हणजे माझी का सटकली ते कळेल. क्रिकेटमधला रनआउट आठवा. इथे स्टंप नसतात, जमिनीवर चौकोनी गादी असते, तो बेस. बॅटर बॉल मारून पहिल्या बेसकडे पळतो. लांबून कोणीतरी बॉल उचलून माझ्याकडे फेकतो. माझा एक पाय बेसवर, हातात मोठा चामड्याचा ग्लव्ह. बॅटरच्या आधी बॉल पोचला की आउट. थ्रो वाकडा येऊन सुटला, तर एरर, म्हणजे चूक, फेकणाऱ्याच्या नावावर. पण तोच वाकडा थ्रो मी आडवा होऊन धुळीतून काढला, तर? तर फेकणारा हुशार. मला तेवढंच, जेवढं छातीवर आलेला सोपा बॉल घेतल्यावर मिळतं.

आमच्यात तो लांबून फेकणारा म्हणजे डीन. जोरात फेकायचा आणि नेहमी आखूड फेकायचा. सीझनभर मी त्याचं निस्तरत होतो. गुडघे सोलले, अंगठा सुजला. त्याने कधी थँक्स म्हटलं नाही. उलट पबमध्ये सांगायचा, क्लबमध्ये माझ्यासारखा थ्रो कोणाचा नाही.

"बॅरी, त्याचे अर्धे थ्रो जमिनीवर पडतात. मी उचलतो म्हणून त्याचे आकडे चांगले दिसतात."

"मेट, उचलणं हेच तुझं काम आहे. शनिवारी स्पॉन्सर मॅच बघायला येतोय. मग ठरवू."

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आलो तो दार आपटूनच. आई किचनमध्ये पोळ्या करत होती. ती हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिच्या वरच्या कन्सल्टंट डॉक्टरने करून ठेवलेलं निस्तरण्यात तिची सगळी वर्षं गेली, आणि नाव झालं त्याचं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग सोडून दे की एखादा. पडू दे. दिसू दे त्यांना."

"तू का नाही सोडलंस कधी?"

"माझ्यासमोर पेशंट असतो, बाळा. तुझ्यासमोर बॉल आहे."

हे मला पटलं. शनिवारी बेसवर ठरवूनच उभा राहिलो. छातीवर आला तर घेईन, खाली आला तर डीन जाणे. स्पॉन्सर बॅरीच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला. आई कुंपणापाशी, साडीवर टोपीवालं अनोरॅक जॅकेट घालून.

पहिलाच बॉल डीनकडे गेला. त्याने फेकला. आखूड. मनात म्हटलं, जाऊ दे मरू दे. आणि माझा पाय ताणला गेला, ग्लव्ह धुळीत गेला, बॉल आत. आउट. स्पॉन्सरने टाळ्या वाजवल्या, डीनकडे बघून.

मी स्वतःवरच असा काही चिडलो. पुढचा सोडायचाच म्हणून दात-ओठ खात उभा राहिलो. तोही घेतला. त्याच्या पुढचाही. डोकं नाही म्हणत होतं आणि हात ऐकत नव्हता. मॅच संपल्यावर डीनला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. आई एवढंच म्हणाली, "अरे, बॉलच होता ना?"

कॉन्ट्रॅक्ट डीनला मिळालं. मी बँकेत गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात बॅरीचा फोन आला.

"निक, डीनला काय झालंय रे? एररवर एरर चालल्यात. त्याचा खांदा गेला असेल का?"

"काही झालेलं नाही त्याला. तो पहिल्यापासून असाच फेकतो."

मग म्हणाला, "सांगायचंस ना मला."

"सांगितलं होतं. पोर्टाकॅबिनमध्ये. तू आकडे बघत होतास."

येतोस का परत, असं त्याने विचारलं. नाही म्हणालो आणि फोन ठेवला. राग अजून गेलेला नाही. आता रविवारी क्लबमध्ये मुलांना शिकवतो, तेव्हा फर्स्ट बेसवाल्याला पहिल्याच दिवशी सांगतो, वाईट थ्रो घेतलास की मोठ्याने म्हण, वाईट होता. चांगलं काम गुपचूप करणाऱ्याला नंतर कोणी विचारत नाही.

त्या फोनची गोष्ट आईला सांगितली. ती तेव्हा नुकतीच रिटायर झाली होती. पोळी उलटत म्हणाली, "तुझ्या बॅरीने निदान फोन तरी केला."