सेन्सेईंचा लेहरा

मोरिता-सेन्सेई सोमवारी गेले.
आज त्यांचा पियानोही गेला.

इथे टोकियोजवळ ग्योतोकुला आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहायचे. माझ्या मुलीला पियानो शिकवायचे. मागच्या वर्षी स्ट्रोक आला, डावा हात गेला. क्लास बंद.

मी अधूनमधून डबा द्यायला जायचे. एकदा बघते तर एकटेच उजव्या हाताने वाजवत बसलेले.

"खालचं राहतंय," म्हणाले. "जुना युरोपियन शाकोन आहे. डाव्या हातात एकच ओळ, पुन्हा पुन्हा. तिच्यावर उजवा हात दर वेळी नवीन काहीतरी सांगतो."

"अहो सेन्सेई, हा तर आमचा लेहरा!"

पुण्यात भावाच्या तबल्याला मी वर्षानुवर्षं पेटीवर लेहरा धरलाय. तबलजी कुठेही भटकू दे, आपण तीच ओळ वाजवत राहायची. तो तिहाई घेऊन समेवर आला की मगच थांबायचं.

मग काय, त्यांच्या डावीकडे स्टूल घेऊन बसले. उजव्या हाताने त्यांची खालची ओळ धरली. आणि माझा डावा हात सवयीने भाता मारायला लागला. हवेतच!

सेन्सेई खोकला लागेपर्यंत हसले. "देशपांडे-सान, पियानोला हवा भरावी लागत नाही."

दर बुधवारी, माझा पार्ट-टाइम जॉब संपला की आमची बैठक.
लिफ्टमध्ये नोटीस लागली, 'एकच धून सतत वाजवू नये.' माझं डोकंच फिरलं. सेन्सेईंनी फक्त खिडकी लावून घेतली.

त्यांना तो शाकोन एकदा शेवटपर्यंत वाजवायचा होता. बास, एवढंच. पण मध्येच थकायचे, हरवायचे. मी ओळ सोडायचे नाही. मग ते बरोबर परत यायचे.

गेल्या बुधवारी वाजवताना त्यांचा हात मांडीवर पडला.
"थांबू?"
"नको. तुम्ही वाजवत राहा. मी आलोच."

आले नाहीत. डोळे मिटून ऐकत बसले. मग म्हणाले, "शेवट पुढच्या बुधवारी."

आज पियानो न्यायला माणसं आली. ओसाकाहून आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबांचं काहीतरी वाजवता का?"

मला येते ती एवढी एकच ओळ. उजवीकडे त्यांची जागा सोडून बसले आणि सुरू केलं.

मला थांबताच येईना. तिहाई घेणं लेहरेवाल्याचं काम नाही हो. मी वाट बघत राहिले. ती माणसं पियानोला गुंडाळायचं ब्लँकेट हातात घेऊन उभी.

शेवटी त्यांच्या मुलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हात उचलला, एवढंच.

भांडी घासताना डोक्यात तेच चाललंय. रडूही येतंय आणि तुमचा रागही येतोय, सेन्सेई.
आलोच म्हणाला होतात.

नमस्कार करते.
लेहरा चालू आहे.