रोज पाच ओव्या

मी चौथी नापास आहे. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे शिकलेले आहेत.

लकडगंजात आरा मशीनवर मी आणि माझा दोस्त उभी जिंदगी समोरासमोर उभे राहिलो. तो लाकूड ढकलायचा, मी ओढायचो. मागच्या हिवाळ्यात त्याच्या आतड्यात गाठ निघाली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्याला भरती केलं. डॉक्टर म्हणाले, गाठ काढता येते, पण आधी अंगात ताकद पाहिजे. आठ दिवस नीट खाऊ द्या, मग ऑपरेशन. म्हणजे माणसाने फक्त खायचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या कॉलनीतलं भजन मंडळ आलं. पाच जण, आणि पुढे एक रिटायर हेडक्लार्क. कपाळाला गंध, पोटाला पट्टा आणि चेहरा असा की देवाची फाइल याच्याच टेबलावरून जाते. मी कोपऱ्यात स्टुलावर होतो. मला कोणी ऊठसुद्धा म्हटलं नाही, कारण मी त्यांना दिसलोच नाही.

"पेशंटच्या मनाला उभारी देऊ," असं म्हणून हेडक्लार्काने पोथी उघडली आणि धडाधड वाचत सुटला. दोन ओळी ऐकल्या आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. माणूस जायला लागला की त्याच्या कानाशी वाचतात, तोच अध्याय! या मंडळाला बोलावणं यायचं ते अशाच घरांतून, म्हणून तोच याला तोंडपाठ. शेवटी वाटीतलं गंगाजल चमच्याने पाजलं, जिभेवर तुळशीचं पान ठेवलं. दोस्ताच्या लेकीने काटोलहून पाठवलेली संत्री सोलून खाल्ली, बिया खिडकीत ठेवल्या आणि मंडळ दुसऱ्या पेशंटकडे गेलं.

माझ्या दोस्ताने स्वतःच्या बापाचे पाय मांडीवर घेऊन हाच अध्याय ऐकलेला. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने हात जोडले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दारातच भेटल्या. "भाऊजी, घोटभर पेज घेत नाही जी. म्हणते, माहं वाचून झालं."

मी तडक हेडक्लार्काच्या घरी गेलो. विचारलं, "तोच अध्याय काहून वाचला?"

तो हसला. "अहो, अध्याय सगळे सारखेच. श्रवणाने पुण्यच लागतं. तुम्हाला नाही कळायचं ते."

"ज्याच्या कानात वाचलं त्याले कळलं ना," मी म्हटलं आणि त्याचा चहा तसाच ठेवून उठलो. चहा पाणचट होता, तेही सांगून ठेवतो.

घरी माझ्या आईची पोथी लाल फडक्यात बांधलेली होती. आईचा नियम एकच. पोथी लागली की संपेपर्यंत वाचणाऱ्याने सोडायची नाही, ऐकणाऱ्याने उठायचं नाही, आणि ऐकतो आहे हे कळायला दर ओवीला हूं म्हणायचं. माझा दोस्त पोरपणी आमच्याच ओसरीवर हे शिकला होता. ती पोथी मी दवाखान्यात नेली आणि पहिल्या पानापासून सुरू केली. उजव्या हाताचं एक बोट आऱ्याने अर्धं नेलं आहे, तेच अक्षराखाली धरून वाचतो. जोडाक्षर आलं की गाठीच्या लाकडात आरा अडकावा तसा अडकतो. अर्ध्या तासात पाच ओव्या झाल्या.

भिंतीकडून आवाज आला. "एक ओवी गाळली तू, गाढवा."

"तू वाच मंग."

"कितीक अध्याय हायेत?"

"चाळीस."

"तुह्या वाचण्यानं तं पोळा येईन!"

"येऊ दे. पोथी लागली. ऐकणाऱ्यानं मधात उठाचं नाही. माह्या मायनं सांगतलं होतं ना तुले?"

त्याने तोंडावरचं पांघरूण जरा खाली केलं. मग हळूच म्हणाला, "लई हरामी हायेस गा तू."

"हूं म्हण."

"हूं."

"आयकू नाही आलं. पेज पे आधी, मंग म्हण."

त्याने कूस वळवली. चार चमचे पेज प्याला, ती मला नीट शिव्या देता याव्यात म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटीभर. नवव्या दिवशी ऑपरेशनसाठी आत नेताना स्ट्रेचरवरून बजावलं, "पान दुमडून ठेव. पुन्हा पयल्या पानापासून सुरू करशीन तं मार खाशीन."

गाठ निघाली. तो घरी आल्यावर हेडक्लार्क पेढे खायला हजर. म्हणाला, "बघा, आमच्या श्रवणाचं फळ!" माझा दोस्त म्हणाला, "साहेब, ते तुळशीचं पान मी उशीखाली थुकलं होतं."

डॉक्टर अजून दर तीन महिन्यांनी तपासायला बोलावतात. गाठ पुन्हा येऊ शकते म्हणतात. पोळा होऊन गेला, आम्ही अजून अकराव्या अध्यायात आहोत. रोज वाचून वाचून मला आता भराभर वाचता येतं, जोडाक्षरंसुद्धा. घरी दार लावून पाहिलं आहे. पण दोस्ताच्या ओसरीवर मी पाच ओव्यांच्या पुढे जात नाही, आणि जोडाक्षर आलं की अडकतो. हेडक्लार्क रस्त्याने जाताना ऐकतो आणि मान हलवतो.

हलवू दे.