सुळ्याच्या आतलं शेवटचं वर्ष

चिमणीच्या खिशात श्वासाचा पंप आहे की नाही, हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. लेक तिशीला आली, संग्रहालयाच्या तळघरात डोंगराएवढ्या प्राण्यांची हाडं साफ करते, आणि मी अजून तिच्या कोटाचे खिसे चाचपते. गेल्या हिवाळ्यात दम्याने तिला दवाखान्यात नेऊन टाकलं होतं. आता तिला उत्तरेला जायचंय, जिथली जमीन खोलवर गोठलेली असते. डॉक्टर म्हणाले, तिथेही उन्हाळाच आहे, औषध चुकवलं नाही तर जाऊ दे. पण तिने सगळं माझ्यावर टाकलंय. "आई, तू मनापासून हो म्हणालीस तरच."

अंगाने काडी, पण हट्टाने पहार. चौथीत असताना जेवता जेवता तिने विचारलं होतं, "बाबा, ते केसाळ हत्ती, मॅमथ, कशाने मेले?"

"ताटात टाकून उठायचे," तिचे बाबा मान वर न करता म्हणाले.

पुढे वर्षभर तिने ताट लख्ख केलं, पण प्रश्न सोडला नाही. कॉलेजनंतर ती कवळ्या बनवणाऱ्याकडे कामाला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो, भूत उतरलं. कसलं काय! तिथे बारीक करवत चालवायला शिकली आणि त्याच शिदोरीवर संग्रहालयात शिरली. "दातच आहेत गं," म्हणाली, "फक्त हे पेशंट कुरकुर करत नाहीत."

त्या तळघरात दोन तट आहेत. एक म्हणतो, हिमयुग ओसरलं, हवा तापली, गवताचे माळ जाऊन दलदल आणि जंगल आलं, आणि हे धिप्पाड प्राणी उपाशी मेले. दुसरा म्हणतो, असले चढउतार त्यांनी आधीही पचवले होते. या वेळी नवा होता तो भालेवाला माणूस. रोज चहाला हमरीतुमरी. चिमणीचं म्हणणं एवढंच की, जी मेली तिलाच विचारा ना!

विचारायचं म्हणजे सुळा कापायचा. मॅमथचा सुळा जन्मभर वाढतो आणि त्यात झाडासारखी वलयं पडतात. मादीचा अख्खा सुळा मात्र एकच होता, आणि तो चिरफळला तर सांधता येणार नव्हता. तिच्या प्रमुखबाईंच्या मागे लागून लागून तिने शेवटी परवानगी काढलीच.

कापायच्या दिवशी मीही गेले. धूळ उडणार, म्हणून.

"चिमणीच्या आई, जरा मागे सरा," प्रमुखबाई म्हणाल्या. "दगावलाच तर सुळा दगावेल, तुमची मुलगी नाही."

"दोघांनाही सांभाळा," मी म्हटलं.

धूळ कसली, पात्यावर पाण्याची धार सोडलेली होती. खोलीत दातांच्या दवाखान्यातला वास सुटला. मुळाकडचा जाड काप अलगद सुटून तिच्या तळहातावर आला, कुठेही न तडकता, आणि मी एवढ्या जोराने श्वास सोडला की सगळे वळून पाहायला लागले. चिमणीने काप घासून चकचकीत केला, दिव्याखाली धरला. फिकट रुंद पट्टे, मधे गडद बारीक रेघा. मी वाकून बाहेरच्या कडेवर बोट ठेवलं. "हे हिचं शेवटचं वर्ष?"

"अगं उलट! झाड बाहेरून वाढतं, सुळा आतून. शेवटचं वर्ष हे, मधल्या पोकळीला चिकटलेलं."

"आणि हे दोन अरुंद पट्टे?"

"बाळंतपणं बहुतेक! पिल्लाला पाजताना हिचं स्वतःचं वाढणं मंदावलं."

"एका लेकरामागे आईचा एक दात, माझ्या सासूबाई म्हणायच्या."

"माझे दोन गेले," प्रमुखबाई म्हणाल्या.

तेवढ्यात चिमणी ओरडलीच. "बाई, शेवटचं वलय बघा! चांगलं रुंद आहे, पोट भरलेलं होतं हिचं. आणि ते हिवाळ्याची गडद रेघ पडायच्या आधीच थांबलंय. उपासमारीने मरणारी हिवाळ्याच्या शेवटाला मरते."

"म्हणजे माणसांनी मारली?" मी विचारलं.

"असेल. किंवा चिखलात रुतली असेल. पण आई, विचार कर. हत्तीण जवळजवळ दोन वर्षं गाभण असते, मग पुढचं पिल्लू चार-पाच वर्षांनी. माळ आटत चाललेले, कळप फुटलेले. अशात शिकाऱ्यांनी अधूनमधून एखादी जरी मारली, तरी भरून निघणार नाही. कत्तल करायची गरजच नाही! दोन्ही तट अर्धे अर्धे बरोबर असतील. पण एका सुळ्यावर हे बोलले, तर दोघे मिळून मला फाडून खातील."

तिला हवेत अगदी शेवटच्या कळपांचे सुळे. ते उत्तरेकडच्या नदीच्या गोठलेल्या काठात आहेत. दर उन्हाळ्यात काठ वितळून कोसळतो; काही सुळे पाण्यात जातात, काही उन्हात तडकून त्यांची वलयं सुटी होतात. तिकडे निघालेल्या तुकडीत सुळा कापणारी ती एकटीच, आणि तिची जागा प्रमुखबाईंनी उद्या दुपारपर्यंतच राखलीय.

घरी आल्या आल्या मी कांदा आडवा कापून नवऱ्यापुढे धरला. "बघा, सगळ्यात कोवळा पापुद्रा आत. तसंच तिचं शेवटचं वर्ष!"

"कळलं. रडतेस कशाला?"

"कांदा आहे."

"बरं. मग आपली जातेय का?"

तिच्या छातीची घरघर मला अजून ऐकू येते, ती भीती कुठे जाणार नाही. पण आज त्या कापावर वाकलेली चिमणी मी पाहिली. आणि खरं सांगायचं तर आता मलाही कळायला हवंय, त्या शेवटच्यांची पोटं भरलेली होती का, त्यांना पिल्लं होत होती का. यंदाचा काठ कोसळला की हे विचारायला कुणी उरणार नाही.

सकाळपर्यंत थांबले तर माझ्या भीतीला शंभर कारणं सुचतील. चिमणी तिच्या खोलीवर जागीच असणार. तिला आत्ताच फोन लावते. आधी 'जा' म्हणेन, बाकीच्या सूचना मागाहून.