तिला ब्रोच कोणी लावला

आईच्या पाटल्या मी इथं परदेशात, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात साबण लावून काढल्या. स्कॅनच्या आधी अंगावर धातू चालत नाही. "परत घालशील ना गं?" तिनं विचारलं. "हो गं, घालते," मी घाईत म्हटलं. मग तिचे हात सुजले. म्हटलं, घरी गेल्यावर घालू. ती घरी आलीच नाही. पुण्याहून मावशीचा फोन आला, "अंगावर सोनं ठेवू नकोस हो, आपल्यात रीत नाही." आई ओक्याबोक्या हातांनी गेली, त्याला आता आठ महिने झाले. दिलेला शब्द मोडला तो रीतीमुळे, असं मी सगळ्यांना सांगते.

शाळेच्या सुट्टीत मी इथल्याच सेरंगून भागात मुलांना हस्तकला शिकवते. यंदा विषय अँग्लो-सॅक्सन दागिने. बाहेर अंगाची काहिली आणि आत शिकवायचं काय, तर इंग्लंडच्या थंड मातीत शेकडो वर्षं पुरलेलं सोनं! मला त्या दिवसांत कशातच गोडी नव्हती. पण कारागिरी मात्र अस्सल. सोन्याच्या पट्ट्यांची चिमुकली घरं, प्रत्येकात तामड्याचा लाल खडा, आणि खड्याखाली बारीक नक्षीचा सोन्याचा पत्रा, उजेड उलटा फिरून खडा पेटावा म्हणून. आम्ही पुठ्ठा, चॉकलेटची चांदी आणि लाल जिलेटिन पेपर घेऊन बसलो. मुलं टूथपिकनं चांदीवर रेघा ओढत होती.

मी थडग्याचं चित्र दाखवलं. बाईचा सांगाडा, दोन्ही खांद्यांपाशी एकेक ब्रोच. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, शी ऑलरेडी डेड. हू पिन इट फॉर हर?"

घरातलंच कोणीतरी, कदाचित तिची मुलगी, मी सांगितलं.

"सो मच गोल्ड! डॉटर कॅन कीप, वॉट."

"हातातलं काम कर आधी," मी खेकसले. पोरगी मान खाली घालून रेघा ओढू लागली. तिचं काय चुकलं होतं? दुखणं माझं, आणि राग तिच्यावर.

त्यांची रीत वेगळी, आपली वेगळी, अशी मी मनाची समजूत घालून बघितली. जमेना. त्या कुठल्याशा मुलीनं आईचे खांदे सावरून, थंड पडलेल्या अंगावर पिना लावल्या होत्या. मावशीचा फोन यायच्या कितीतरी आधी मी ठरवून टाकलं होतं, की एवढं सोनं आगीत घालायचं नाही. मला त्या पाटल्या हव्या होत्या.